सहावी लाइन

शाळेचं दोन आठवड्यांचं प्राक्टिकुम, म्हणजे कामाचा अनुभव घ्यायचा असतो तो, मी रेडिओ आनश्टोसमध्ये केलं, कारण तिथे फारसं बोलावं लागणार नाही असं मला वाटलं होतं. हे ऐकून आई खूप हसली. पण रेडिओत बोलणारे दोघं-तिघंच असतात. बाकीचे केबल गुंडाळतात, निकाल टाइप करतात, कॉफी करतात. मला ते जमण्यासारखं होतं. दोन आठवडे संपल्यावरही मी दर शनिवारी जात राहिले.

आनश्टोस म्हणजे सामन्याची पहिली किक. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये एका बंद पडलेल्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर हे केंद्र आहे. जिन्यात अजूनही पावाचा वास येतो, निदान मला येतो. वीस वर्षांपूर्वी इथल्या काही लोकांना राग आला होता, की मोठे रेडिओ मोठ्याच संघांबद्दल बोलतात आणि आपल्या गावातल्या सामन्याचा निकाल आपल्याला सोमवारच्या पेपरात शोधावा लागतो. म्हणून त्यांनी हे सुरू केलं. शुक्रवारी आइस हॉकी, रविवारी सकाळी केगेल्नचे निकाल, म्हणजे ज्यात लाकडी खुंट्या पाडतात तो आजोबा लोकांचा खेळ. त्यानंतर अर्धा तास क्रिकेट. क्रिकेटचा तो अर्धा तास अर्जुन काकांनी आणला. अर्जुन काका म्हणजे अर्जुन देवधर, गाड्यांच्या कारखान्यात बाबांच्या शेजारच्या विभागात काम करणारे. मला तिथे त्यांनीच चिकटवलं होतं.

पण खरी शान शनिवारच्या कॉन्फरन्सची. आसपासच्या गावांत एकाच वेळी पाच फुटबॉल सामने चालू असतात. प्रत्येक मैदानाच्या कडेला आमचा एक बातमीदार फोन घेऊन उभा असतो आणि स्टुडिओतला निवेदक एका मैदानावरून दुसऱ्यावर जात राहतो. कुठेही गोल झाला की तिथला बातमीदार सगळ्यांना तोडून मध्येच घुसतो. हे निवेदन कित्येक वर्षं अर्जुन काका करत होते. त्यांचं जर्मन आमच्या शिक्षकांपेक्षा गोड होतं.

त्यांचा एक नियम होता. स्टुडिओने गावाचं नाव घेऊन "फायराबेंड" म्हटलं, म्हणजे काम संपलं, की मगच बातमीदाराने मैदान सोडायचं. त्याआधी नाही. पाऊस येवो, बर्फ पडो. हा नियम सगळे पाळत, आणि काकांना त्याचा अभिमान होता.

मला ते "म्यूट बटण" म्हणायचे. "आमच्या म्यूट बटणाला कोणीतरी दाबा रे, दोन वर्षांनी एक शब्द तरी येईल," असं सगळ्यांसमोर म्हणायचे आणि मग माझ्या हातात चॉकलेट द्यायचे. मला चॉकलेट आवडायचं. ते वाक्य आवडायचं नाही.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमासाठी केंद्राचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यामुळेच मी सहाव्या लाइनबद्दल विचारलं. मिक्सरवर फोनच्या लाइनी सहा होत्या. पाचांवर गावांची नावं होती. सहाव्या बटणावर काळी चिकटपट्टी लावलेली होती.

फ्राऊ ह्युब्नर, म्हणजे ह्युब्नर बाई, ध्वनी सांभाळतात, अगदी पहिल्या दिवसापासून. त्या म्हणाल्या, ती श्टाइनमोसची लाइन. सहा वर्षांपूर्वी तिथे एक तरुण मुलगा बातम्या द्यायचा, ध्रुव, नागपूरहून इथे शिकायला आलेला. जूनमध्ये सामना चालू असताना वादळ आलं. पंचांनी खेळ थांबवला, सगळे आत पळाले, आणि हा मैदानाच्या कडेला लोखंडी खांबाजवळ उभा राहिला. त्याच्यावर वीज पडली. पुढच्या वर्षी ते मैदान विकलं गेलं. आता तिथे डांबर आहे, एका कंपनीचं पार्किंग.

मी विचारलं, तो आत का नाही गेला.

"हेर देवधर त्याला जा म्हणाले होते," त्या म्हणाल्या. हेर म्हणजे मिस्टर. "मी शेजारीच होते. पण बोलणं तुमच्या भाषेत चाललं होतं, मला काय कळणार."

वर्षातून एखाद-दुसऱ्या शनिवारी त्या पट्टीखालचा दिवा लागतो, असं त्यांनी सांगितलं. खरखर येते. एकदा त्यांना कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं होतं. केबल जुनी आहे असं म्हणून काकांनी पट्टी लावून टाकली.

मी इतिहासात ध्रुवबद्दल एक परिच्छेद लिहिला. काकांनी तो वाचला आणि हसतच खोडला. "वाढदिवसाला रडगाणं कशाला, स्पृहा? मी त्याला निघ म्हणालो होतो. पोरगा ऐकेल तर ना." प्रभा काकू, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा तिथेच डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

त्या नोव्हेंबरमधल्या शनिवारी डोनाऊ नदीवरून धुकं उठलं ते दुपार झाली तरी विरलं नाही. स्टुडिओच्या खिडकीतून समोरचं औषधाचं दुकानही दिसत नव्हतं, फक्त त्याचा लाल दिवा कुठेतरी लोंबकळत होता. सामने सुरू झाले, आणि थोड्याच वेळात पहिल्या गावातून बातमी आली, की गोलकीपरला समोरचा गोल दिसत नाही, सामना रद्द. काका म्हणाले, "फायराबेंड." पहिला दिवा विझला. मग दुसरं गाव. मग चौथं. काका विनोद करत होते, आज आपण धुक्याचंच समालोचन करू, धुकं एक, फुटबॉल शून्य. तिसरं गेलं. शेवटी पाचवं. पाचही दिवे विझले. फ्राऊ ह्युब्नरनी गाणी लावली आणि त्या खाली कॉफी आणायला गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. गाणं हळू वाजत होतं. आणि मला वास आला... ओल्या गवताचा, उन्हाळ्यातल्या पावसाचा. खिडकी बंद होती.

काळ्या पट्टीच्या आत काहीतरी लुकलुकलं.

काकांनी पाहिलं आणि मान फिरवली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कागद लावू लागले, अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा. गाणं मधेच बंद झालं. स्पीकरमधून पाऊस ऐकू यायला लागला. जोराचा, पत्र्यावर पडणारा. त्यात लांबवर ढग गडगडले.

"दादा..." एक मुलगा म्हणाला. दम लागलेला, पण अदबीचा आवाज. "दादा, सगळे आत गेलेत. निघू का?"

त्याला उत्तर देणारा आवाज अर्जुन काकांचा होता. काका माझ्यासमोर बसलेले होते, त्यांचे ओठ बंद होते, आणि त्यांचा आवाज स्पीकरमधून येत होता, जरासा तरुण, खुशीत.

"थांब रे. गडगडाट काय मस्त येतोय. फोन जरा वर धर."

"दादा, माझे केस उभे राहतायत. हातावरचे पण. निघू का?"

"नागपूरचा ना तू? पावसाला घाबरतोस? लाइन सोडायची नाही. मी सांगेन तेव्हा निघायचं."

"निघू का, दादा..."

"धर म्हटलं ना वर."

मग काहीच नाही. पाऊसही थांबला, दार लावल्यासारखा. त्या शांततेत कोणीतरी श्वास घेत होतं, आणि तो श्वास आमच्या दोघांपैकी कोणाचा नव्हता.

काकांनी मिक्सरमागची केबल उपटली. दिवा तसाच राहिला.

"आज तिथे मराठी कळणारं कोणीतरी आहे," तो आवाज म्हणाला. आता त्याला दम लागलेला नव्हता. "इतकी वर्षं मी बोलत होतो, दादा, आणि तिथे बसलेल्यांना फक्त खरखर ऐकू येत होती. तू हे छान केलंस. आपल्या भाषेत मारलंस." मग तो मला म्हणाला, "कळलं ना तुला सगळं?"

काका माझ्याकडे बघून मान हलवत होते. नाही म्हण, नाही म्हण. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण मला सगळं कळलं होतं.

"हो," मी म्हणाले.

भिंतीवरचा लाल दिवा लागला. म्हणजे आता खोलीतलं सगळं बाहेर ऐकू जाणार.

"माइक चालू आहे, दादा," आवाज म्हणाला. "सांग सगळ्यांना. त्यांच्या भाषेत सांग. मग मी जातो."

काका माइककडे झुकले. मला वाटलं, ते सांगणार. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी घसा साफ केला, आणि त्यांचा तो गोड, गुळगुळीत जर्मन आवाज आला. "प्रिय श्रोतेहो, एक लहानसा तांत्रिक बिघाड झाला आहे. क्षमा असावी. आपण संगीताकडे वळू या."

"बरं," आवाज म्हणाला. "मग तूच ये."

आणि त्याने समालोचन सुरू केलं. मैदानावरून करतात तसं, जलद, सपाट.

"अर्जुन देवधर उठतो. खुर्ची मागे सरकते."

काका बसलेले होते. मग ते उठले. खुर्ची मागे सरकली.

"जॅकेट खुंटीवरच आहे. तो जॅकेट घेत नाही. दाराकडे निघाला. मुलीकडे बघतो... आता बघतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे पाय चालत होते, आणि त्यांचा चेहरा त्या पायांबरोबर जायला तयार नव्हता. त्यांनी दाराची चौकट धरली. आवाज शांतपणे म्हणाला, "चौकट सोडतो." आणि एकेक बोट सुटलं.

"स्पृहा," ते म्हणाले, "त्याला फायराबेंड म्हण... तू म्हण..."

मी माइककडे गेले आणि म्हणाले. खरंच म्हणाले, मोठ्याने, श्टाइनमोस, फायराबेंड. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"थँक यू," स्पीकरमधून उत्तर आलं, जवळजवळ मायेने. "पण ते तू म्हणायचं नव्हतंस."

फ्राऊ ह्युब्नर जिन्यात कॉफीचे कप घेऊन उभ्या होत्या. काका त्यांच्या अंगावरून खाली गेले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर काकांनी फक्त ओठ हलवले. खालचं दार उघडलं आणि धुकं आत आलं. वरती स्पीकरमधला आवाज लहान होत गेला. डावीकडे वळतो. पुलावर येतो. थांबायचं म्हणतो, थांबत नाही.

संध्याकाळी श्टाइनमोसच्या पार्किंगच्या पहारेकऱ्याने पोलिसांना फोन केला. दोन गाड्यांच्या मधे एक माणूस उभा होता, फोन डोक्याच्या वर धरून. काकांची स्वतःची गाडी बेकरीमागेच होती. एवढं अंतर ते धुक्यात चालत गेले असतील तर कोणालातरी दिसायला हवे होते. कोणालाच दिसले नाहीत.

मी जे ऐकलं ते आधी बाबांना सांगितलं, मग फ्राऊ ह्युब्नरना. त्या म्हणाल्या, मी शेजारीच होते. हे त्या परत परत म्हणाल्या. इतिहासात मी ध्रुवचा परिच्छेद पुन्हा लिहिला, त्याने काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, तेही. वर्धापनदिनाला तो मीच वाचला.

नागपूरला ध्रुवच्या आईला, सरला मावशींना, बाबांनी फोन केला. स्पीकरवर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. त्या रडल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग बाबांनी सांगितलं, की अर्जुनची तब्येत फार वाईट आहे, डॉक्टरांना काही सापडत नाही, तो घरीच असतो, खिडकीपाशी उभा असतो, बसवलं तरी परत उठतो. हातात बंद फोन असतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतो, "निघू का?" आपण हो म्हटलं तरी त्याला ते पोचत नाही. तो फोनला कान लावून उत्तराची वाट बघत राहतो. वहिनी, तुम्ही एकदा त्याच्याशी बोलाल का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात तर कदाचित...

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मावशींनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"राहू दे त्याला उभं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

गेल्या रविवारी आईने पुरणपोळ्या दिल्या म्हणून मी सकाळी प्रभा काकूंकडे गेले. काका खिडकीपाशीच होते. त्यांनी मला विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. काकू मला हळूच खोलीच्या दारात घेऊन गेल्या. दाराला बाहेरून नवी कडी बसवलेली होती. हे कुठे जाऊ नयेत म्हणून रात्री मीच लावते, त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या उशाखाली असते.

मग त्यांनी खाली बोट दाखवलं. खोलीतला गालिचा करडा आहे. त्यावर खिडकीपासून दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते, गवताची पाती आणि मैदानावर रेषा आखतात ती पांढरी फक्की चिकटलेले. मी पुसते, काकू म्हणाल्या, रोज सकाळी पुसते. तू नीट बघ आणि मला सांग, मला दिसतं तेच तुला दिसतंय का.

मी नीट पाहिलं. दाराकडे जाणारे ठसे एका माणसाचे होते. परत येणारे दोघांचे.