दोघांच्या वजनाचा फोकस

दिवस मावळता मावळता औसा रोडवरून एक माणूस हिरवी, बुटकी, दोनच सीटांची गाडी ढकलत आला, आणि नेमका सिंधुच्या दुकानासमोर त्याचा दम संपला. माणूस देखणा होता. गाडी त्याच्याहून देखणी होती. लातुरात तेव्हा असली विलायती गाडी कुणी पाहिली नव्हती; दोघे-तिघे सायकली थांबवून बघत उभे राहिले.

"लाइट मंद मंद होत गेले... मग गाडीच बंद पडली," तो म्हणाला. "मालक कुठे आहेत?"

मालक, म्हणजे सिंधुचे वडील ईश्वरप्पा, खुर्चीवरच होते. भूकंपात त्यांचा उजवा हात भिंतीखाली सापडून निकामी झाला होता. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बल्ब लावून अख्ख्या ओळीला उजेड दिला, तेव्हा वायरी जोडायला पंधरा वर्षांची सिंधु होती. सहा वर्षांत दुकान लातूरला आलं. डोकं ईश्वरप्पांचं आणि हात तिचे, असा कारभार चालला होता.

तिनं बॉनेट उघडलं. "बॅटरी कुणी लावली?"

"नवी आहे. परवाच लावली."

"कुणी, इचारलं."

"...मी."

"क्लॅम्प बसत नव्हता, म्हणून ठोकून बसवला ना? बसणारच न्हाई. उलटी लावलीय. ह्या जुन्या विलायती गाड्यांत बॉडीला प्लस असतो, मायनस न्हाई. तुम्ही काय करता?"

तो जरा घुटमळला. "क्लासमध्ये शिकवतो. फिजिक्स."

आधी ईश्वरप्पा हसले, मग सायकलवाले. सिंधुनं ओठ दाबून धरले, पण डोळ्यांचं काय करणार? ते हसलेच. आणि त्या हसण्याकडे फिजिक्सचे सर बघत राहिले.

त्यांचं नाव यज्ञेश. मूळचे नांदेडचे. पोरं दहावीनंतर गावोगावहून लातूरला लोटत होती, तो हा काळ. 'यज्ञेश सरांचं फिजिक्स' असा बोर्ड चौकात लागला होता. गाडी आजोबांनी हैदराबादेत एका साहेबाकडून घेतलेली. दर शनिवारी क्लास सुटला की सर ती घेऊन नांदेडला घरी निघत आणि अहमदपूरच्या पुढे अंधारात चाचपडत जात, कारण तिच्या दिव्यांना समईएवढाही उजेड नव्हता.

"एखाद दिवशी ट्रकखाली जाताल," सिंधु म्हणाली. "जीपचे गोल लाइट ह्या रिंगमध्ये बरोबर बसतेत. हॅलोजन टाकू. पण तुमची वायर जुनी हाय, जळंल. बॅटरीपासून नवी जाड वायर ओढून मधी रिले टाकावा लागंल."

काम खरं तर दोन दिवसांचं. सरांना मात्र रविवारीच वेळ, आणि गाडी सोडून जायला त्यांचं मन होईना. मग ते दर रविवारी दुपारी यायचे, गाडीशेजारी उकिडवे बसायचे, टॉर्च धरायचे. काम पाच रविवार चाललं. ईश्वरप्पांना सगळं कळत होतं. ते पेपरात तोंड खुपसून बसायचे.

"रिले म्हणजे काय, सांगू?" सर विचारायचे.

"मला माहीत हाय. लहान बटण मोठ्या बटणाला उठवतं."

"इतकं सोपं माझ्या नोट्समध्ये नाही."

"सर... टॉर्च वायरीवर धरा. माझ्यावर न्हाई."

टॉर्च मुकाट्यानं वायरीवर जायचा. आणि थोड्या वेळानं पुन्हा भरकटायचा.

शेवटच्या रविवारी तिन्हीसांजेला त्यांनी गाडी डाळ मिलच्या लांबलचक भिंतीसमोर नेली. फोकस बसवायचा तर भिंतीवर खडूनं खुणा करतात आणि गाडीत नेहमीचं वजन ठेवतात. नाहीतर माणसं बसली की गाडी मागून दबते अन् उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. खडू घेऊन ईश्वरप्पा भिंतीशी गेले. सर स्टिअरिंगवर बसले. सिंधु पुढे वाकून, दिव्याच्या स्क्रूवर पाना ठेवून थांबली.

"गाडीत नेहमी किती माणसं असतेत?"

"आजपर्यंत एकच."

"मग एकाचा धरते."

सरांनी हात लांबवून शेजारचं दार उघडलं. "दोघांचा धर," ते हळूच म्हणाले.

पहिल्यांदाच 'धर' म्हणाले होते. सिंधु पाना हातात घेऊनच जाऊन शेजारी बसली... उतरायची, स्क्रू फिरवायची, परत येऊन बसायची. दोन पांढरेशुभ्र गोल भिंतीवर हळूहळू खाली सरकत होते. इतका सुखाचा अर्धा तास तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

"पुढच्या महिन्यात क्लासचा गुणगौरव आहे," सर म्हणाले. "बाबा येतील. त्यांना हे लाइट दाखवतो... आणि कुणी केले, तेही सांगतो. म्हणजे बाकीचं सांगणं सोपं जाईल."

सिंधुला लग्नाची घाई नव्हती. त्यांचं घर मोठं, जात वेगळी, हे तिलाही कळत होतं. सरांनी आपल्या वडिलांसमोर तिचं नाव एकदा उच्चारावं, एवढंच तिला हवं होतं. प्रेमात पडलेली माणसं थोडक्यात समाधान मानतात, तेही त्यांना मिळत नाही.

गुणगौरवाला ती नारायणपेठी नेसून गेली. हॉलच्या दारात हिरवी गाडी उभी होती. सरांचे वडील, अनंतराव, निवृत्त हेडमास्तर, दिवे लावून बघत होते. त्यांनी वाकून वायरिंगही पाहिलं.

"यज्ञेश, काय सफाईचं काम आहे रे. केलं कुणी?"

सिंधु चार पावलांवर होती. सरांची नजर तिच्यावर आली, थांबली... आणि निघून गेली.

"हैदराबादला, बाबा. एक जुना कारागीर आहे."

"वाटलंच मला. इकडे कोण करणार असलं काम." त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. "या कोण?"

"या... बॅटरीच्या दुकानातल्या."

"अच्छा, अच्छा. जेवून जा हं, बेटा."

ते मायेनंच म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर दुकानात आले. डोळे सुजलेले, रात्रभर झोप नसावी. "सिंधु, लोक होते गं आजूबाजूला. मी सांगणार आहे... नीट वेळ बघून सांगणार आहे."

"आत्ता सांगा. शेजारी एसटीडी हाय, नांदेडला फोन लावा. बाकी काही न्हाई, लाइट कुणी केले, तेवढंच सांगा."

सरांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता बाबा संध्येला बसले असतील."

"मग बसा. थांबू."

ते बसले. तिनं एका ट्रॅक्टरचं वायरिंग संपवलं. बूथ रिकामाच होता.

"झाली असंल संध्या," ती म्हणाली.

"आता... कुणीतरी भेटायला आलेलं असतं या वेळेला." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला थोडा वेळ दे. तू थांबशील ना?"

"थांबले होते की, सर. चार पावलांवर. साडी नेसून."

यज्ञेश उठला, चावी खिशात चाचपत राहिला, मग गेला. गाडीनं वळण घेतलं तेव्हा तो लख्ख उजेड दुकानावरून एकदा फिरला.

"सिंधे," ईश्वरप्पा म्हणाले, "घरी जा. मी बघतो हितलं."

"तुमच्यानं होणार न्हाई, अप्पा." ती बाकावर बसली आणि मळलेल्या हातांनीच तोंड झाकून रडली. तो भित्रा निघाला, हे तिला पुरतं कळलं होतं. पुन्हा बोलावलं तरी ती जाणार नव्हती. वाईट इतकंच होतं, की त्याच्यावरचा तिचा जीव तसूभरही कमी झाला नव्हता.