आंबा घाटाचा जुना रस्ता

टूरिंग मोटरसायकलचे मागचे शॉक गळायला लागले, तेव्हा हेमलता चौगुले कोल्हापुरात मुल्लाणींच्या गॅरेजवर गेल्या. स्प्रिंगचे शॉक आता कुणी बसवत नव्हतं. सगळीकडे हवेचे आले होते. नळकांड्यात दाबून भरलेली हवा, आणि बसणाऱ्यांचं वजन ओळखून तिचा दाब आपोआप बदलणारा छोटासा पंप.

मुल्लाणींनी दोन प्रकार दाखवले. पहिला नुसता मऊ, पाठीला आराम देणारा. दुसऱ्यात ‘पथस्मृती’ होती. रस्ते गुळगुळीत होण्याआधी मोजणीच्या गाड्यांनी राज्यभरातले खड्डे आणि उंचवटे नोंदवून ठेवले होते. बटण दाबलं, की हा शॉक त्या नोंदींबरहुकूम दाब बदलत राही आणि सीटखाली जुना रस्ता जागा होई. हादरे हलके, पण ओळखू येण्याजोगे.

हेमलताबाईंना खरं तर पहिलाच हवा होता. त्यांच्या यजमानांची, यशवंतरावांची, पाठ नाजूक झाली होती. शिवाय विस्मरणाच्या आजारानं त्यांचं बोलणं जवळपास थांबलं होतं. बायकोकडे ते पाहुण्याकडे पाहावं तसे पाहत. एके काळी दर हिवाळ्यात ते गाडी चालवत रत्नागिरीला जायचे, मागं हेमलताबाई, दोघांच्या मधे चिमुकली तनुजा. पोरगी वाटेतच झोपायची. आता गाडी बाई चालवत आणि यजमानांना मागं पट्ट्यानं बांधून घेत. अशा माणसाला मुद्दाम हादरे कशाला द्यायचे, असं त्या म्हणाल्यासुद्धा. पण घाटाचा तो जुना रस्ता एकदा पुन्हा अनुभवावा असं वाटलं, म्हणून मुल्लाणींनाच विचारून दुसरा जोड दिवसभरासाठी बसवून घेतला.

मलकापूर मागं पडलं. घाटाच्या तोंडाशी त्यांनी बटण दाबलं. समोर रस्ता आरशासारखा होता, पण सीटखाली खडी टोचू लागली. दोन वळणं गेली आणि त्यांच्या खांद्यावर थाप पडली.

“पुढं मोठा खड्डा आहे. डावीकडनं घे, हेमा.”

त्यांनी गाडी डावीकडे घेतली. कितीतरी दिवसांनी ते नाव कानावर पडलं होतं. यशवंतराव बोलतच राहिले. आवळे मिळतात का बघू म्हणाले, गारठा वाढलाय म्हणाले. मग हळूच विचारलं, “तनू झोपली का?”

तनू टोरांटोत होती, तिची मुलगीच आता कॉलेजात जात होती. “झोपली,” हेमलताबाई म्हणाल्या.

माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली. शॉक बंद केला नाही. हवा सुस्कारे टाकत राहिली. खाली कोकण धुक्यात बुडालं होतं.

“हेल्मेट काढ की,” यशवंतराव मागून म्हणाले. “सकाळपासनं तोंड दिसलं नाही तुझं.”

बाईंचा हात हनुवटीखालच्या पट्ट्यापाशी गेला आणि तिथंच थांबला. ते ज्या हेमाशी बोलत होते, ती तिशीतली होती. हेल्मेट काढून त्या वळल्या असत्या, तर त्या पिकल्या केसांत, सुरकुत्यांत ती त्यांना सापडली असती का?