कोशकाराचं तुटकं वाक्य

म्हातारे कोशकार अभ्यासिकेत पडले, तेव्हा घरात त्यांचा मुलगा आणि बहीण होती. स्टूल उलटलेलं, कपाळाला खोक, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी तोंडून निसटलेले दोन तुटके शब्द. ते मुलाने ऐकले आणि आत्याला घराबाहेर काढलं.

मग बेशुद्ध वडिलांना दवाखान्यात ठेवून तो वहिनींकडे आला. खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. सख्खे दीर मात्र एकच, सोबत हिंडणारे भाऊजी.

दुपारची अभ्यासिका पेंगुळली होती. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, पडदा झोपेतल्या श्वासासारखा फुगत होता.

"नेमकं काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"'मारा... बहिणे.' बहिणीने मारलं! पुरावा तेवढा शोधा."

"भांडायची दोघं?"

"रोज. आत्याच्या मांजरावरून."

"हाक काय मारतात तिला?"

"माई. जन्मभर माईच."

भाऊजींनी पायाला चिकटलेल्या गवताच्या काड्या झटकल्या. "इथे झाडत नाहीत वाटतं."

वहिनी वर बघत होत्या. कपाटावरच्या झरोक्याची झडप अर्धवट ओढलेली होती.

"हा कधी लावत नाहीत बाबा," मुलगा म्हणाला.

"बोलताना जुने शब्द वापरतात?"

"जुन्या काव्यातच राहतात हो ते! उन्हाभेणे पडदे ओढ म्हणतात. मी आपला ओढतो."

आत्या मैत्रिणीच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी स्वयंपाकघरात होते. दादा 'हट, हट' ओरडला, मग धाडकन आवाज."

"मांजर कुठे होतं?"

"गच्चीवर, झरोक्यापाशी. खिडकीतून दिसत होतं मला. वहिनी, आई गेल्यावर या पोराला मी वाढवलं. त्याला खरंच असं वाटलं?"

वहिनींनी तिला हाताला धरून अभ्यासिकेत आणलं. मुलाने मान फिरवली.

"भाषेत हयात घालवलेला माणूस 'बहिणीने' म्हणेल, 'बहिणे' नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि माईला तो बहीण कशाला म्हणेल? तुम्ही ऐकलंत तो शब्द 'भेणे'. म्हणजे भीतीने. जुन्या काव्यात ज्याची भीती, ते आधी येतं. वणव्याभेणे हरिणं पळतात, विरहाभेणे नायिका डोळे मिटत नाही."

"मग 'मारा'?" भाऊजींनी डोकं खाजवलं.

"मांजरा. मधला 'ज' वेदनेत बुडाला. मांजराभेणे! भाऊजी, कपाटावर बघा. जपून."

भाऊजी चढले आणि कुजबुजले, "घरटं आहे. चार चोची, चारही उघड्या."

"गवत तिथूनच पडलं. मांजर झरोक्याशी आलं, त्याला हाकलत ते झडप ओढायला चढले आणि स्टूल निसटलं. कुणी ढकललं नाही. मांजराच्या भीतीने चढलो, एवढंच ते सांगत होते."

घरट्यात पिल्लं चिवचिवली. मुलगा खाली बसला.

"आत्या, मी... तुला काय काय बोललो गं."

 तिने डोळे पुसले.

"ते राहू दे. दवाखान्यात दादाजवळ आत्ता कोण आहे?"

"कुणी नाही."

"अरे, मग बसलास काय?" ती म्हणाली आणि चपला पायात सरकवून निघालीसुद्धा.