हिच्या दादाचं नाव

दुपटी काढायला थोरलीनं धाकट्या जावेचं कपाट उघडलं, आणि घड्यांखाली दडवलेलं खोकं तिच्या हाती लागलं. आत पाळण्यावर टांगायचा लाकडी चंद्र होता, वर नव्या बाळाचं नाव. दुकानातून आणलेला! कड धड घासलेलीही नव्हती; बोटात बारीक कुसळ गेलं.

लाकडाचे चंद्र, चांदण्या, हत्ती कापायचे आणि त्यांवर नवजात बाळांची नावं कोरून द्यायची, हाच थोरलीचा धंदा होता. मागच्या खोलीत तिची करवत दिवसभर चाले. लांबलांबून लोक येत... आणि घरच्या बाळासाठी मात्र दुकान!

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती हसायला गेली, पण खोक्याचं झाकण तिनं जोरात आपटलं.

सासूबाई दारातच थबकल्या. "अगं, तुला त्रास नको म्हणून..."

त्रास! तीन वर्षांपूर्वी थोरलीला मुलगा झाला आणि आठवड्याच्या आत गेला. हौसेनं ठेवलेलं त्याचं नाव त्यानंतर घरात कुणी उच्चारलं नाही. ती आली की बोलणी थांबत. धाकटीला दिवस गेल्याचंही तिला सगळ्यांच्या शेवटी कळलं. तरी तिनं मन कडू केलं नाही. धाकटीची पथ्यं सांभाळली, तिच्या उशाशी बसली, आपली उन्हाची खोली आपणहून बाळासाठी रिकामी करून दिली. आणि त्या सगळ्याचं फळ हे?

"आई, मी माहेरी जाऊन येते थोडे दिवस. तुम्हा सगळ्यांना जरा मोकळं बोलता येईल."

ती पिशवी भरत होती तेवढ्यात धाकटी बाळाला घेऊन आली. तिचे डोळे वाहत होते.

"ताई, आईंना बोलू नका. मीच आणायला सांगितलं. तुम्ही नावं कोरता तेव्हा तुमचे डोळे भरतात. खिडकीतून कितीदा बघितलंय मी! माझ्या लेकीचं नाव कोरताना ते मला बघवलं नसतं..."

"अगं वेडे, भुसा जातो डोळ्यांत!"

धाकटीला रडता रडता हसू फुटलं. थोरली मात्र हसली नाही. पिशवी तशीच टाकून ती खाली बसली.

"कधी कधी भुसा नसतोही. पण माझं बाळ गेलं गं, मी नाही गेले! तुम्ही त्याचं नावच गिळून टाकलंत... जणू तो झालाच नव्हता!"

मग धाकटीनं बाळ तिच्या मांडीवर दिलं.

"मग दोन चंद्र करा, ताई. एकावर हिचं नाव. दुसऱ्यावर... हिच्या दादाचं."

सासूबाई दारातून आत आल्या. ओठ दोनदा हलले, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून नातवाचं नाव बाहेर पडलं. थोरलीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. फळी निवडली, चंद्र कापले, कडा गालासारख्या मऊ होईतो घासल्या. पुतणीचं नाव झरझर उतरलं. मुलाच्या नावाशी हात अडला. इतकी नावं कोरली, हे एकच राहिलं होतं. सासूबाईंनी न सांगता चंद्र दोन्ही हातांनी दाबून धरला. अक्षरं सरळ आली. वरून तेलाचा हात फिरवून तिनं दोन्ही चंद्र उन्हाच्या खोलीत पाळण्यावर टांगले.

आठवड्यानं शेजारीण बाळाला बघायला आली. वर बघत तिनं विचारलं, "हे एक हिचं. आणि दुसरं नाव कुणाचं हो?"

धाकटीनं सवयीनं थोरलीकडे पाहिलं. पण त्या दोघींच्या आधी सासूबाईच बोलल्या.

"आमच्या नातवाचं, हिच्या दादाचं. तो गेला, तेव्हा थोरलीच्या कुशीत होता. बसा, सांगते."