रत्नम्माकाकूंच्या सुराखाली

काचेचं दार ढकलून दाक्षायणी आत आली आणि तिथंच थांबली. कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला तिने नुसत्या मानेवरून ओळखलं. थोरल्या बहिणीच्या हळदीत पाहिलेली तीच खाली घातलेली मान, तोच कानावरचा काळा हेडफोन.

शुक्रवार पेठेत कुणीतरी रेकॉर्डिंगचं नवीन दुकान टाकलंय, एवढंच तिला कळलं होतं. ते याचं असेल असं माहीत असतं, तर ती निदान केस तरी विंचरून आली असती.

"या," तो वर न बघताच म्हणाला.

"गाण्यातला नुसता आवाज वेगळा काढून मिळतो का? ढोलकी, बेंजो सगळं बाजूला करून? बहिणीच्या हळदीला रीमिक्स करायचाय. गाणं काकूंचं आहे, रत्नम्माकाकूंचं. थोरल्या बहिणीच्या हळदीत..."

"मीच रेकॉर्ड केलंय की ते. मूळ फाइल हाय माझ्याकडं."

"म्हणजे ओळखता तुम्ही आम्हाला?"

"काकूंचा आवाज वळखतो," तो म्हणाला आणि माउसशी चाळा करत बसला.

दाक्षायणीला थोडंसं लागलं. पण काम महत्त्वाचं होतं. घशाच्या आजारानंतर डॉक्टरांनी काकूंना गायला मनाई केली होती. घरातली प्रत्येक मुलगी काकूंच्या गाण्यावर पिवळी झाली होती, आणि आता या बहिणीच्या, श्रीदेवीच्या वेळी काकू नुसत्या बसून राहणार होत्या. म्हणून ही खटपट.

"नाव काय? तुमचं, दुकानाचं नव्हे," ती म्हणाली.

"कुंडलिक."

"हे तर आजोबांचं नाव वाटतंय की हो."

"आजोबांचंच हाय. गावाकडं, जेऊरला, अजून त्यास्नी हाक मारली की मीच ओ देतो." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण डोळे पडद्यावरच राहिले.

थोड्या वेळाने त्याने हेडफोन काढून तिच्यापुढे धरला. "ऐका. पहिलाच हात हाय, अजून साफ करायचंय."

तिने तो कानाला लावला. ढोलकी गेली होती, बेंजो गेला होता. उरला होता फक्त काकूंचा आवाज, उघडा, जरासा खरखरीत, अगदी कानाशी. दाक्षायणीचे डोळे भरून आले. दुसरं कडवं संपलं. काकूंनी शेवटचा सूर लांबवला... आणि त्या सुराखालून कुणीतरी कुजबुजलं,

"श्री, तो मिक्सरवाला बघ की गं. देखणा आहे, पण मान म्हणून वर करत नाही. एकदा बघू दे माझ्याकडं, हीच हळद मी लावून घेते."

तो आवाज तिचा स्वतःचा होता.

त्या हळदीत बायकांच्या घोळक्यात मधोमध, घडी घातलेल्या चादरीवर, त्याने माइक ठेवला होता. ती अगदी माइकशेजारी बसली होती. इतके दिवस ढोलकीने तिची लाज राखली होती.

तिने हेडफोन घाईने उतरवला. "हे... मध्ये कुणीतरी बोलतंय."

"व्हय. यंत्राला माणसाचा आवाज कळतो, कुणाचा ते कळत न्हाय. सगळेच ठेवतंय. काय बोलत्यात ते मी नीट ऐकलं न्हाय अजून."

तिचा जीव भांड्यात पडला. "मग काढून टाका. पण न ऐकता."

"न ऐकता कसं काढणार, मॅडम? काकूंचा सूर आन् ते बोलणं एकावर एक आलंय. कापलं तर सूर बी जाईल. शब्द शब्द ऐकून हळूहळू पुसावं लागतंय."

"म्हणजे... पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल?"

"लई वेळा."

ती स्टुलावर बसली. काढलं नाही, तर ते वाक्य भल्या मोठ्या स्पीकरमधून अक्कलकोटपासून आलेले सगळे नातेवाईक ऐकणार, वडिलांसकट. काढायला सांगितलं, तर हा एकटा ऐकणार, लई वेळा. आणि काम सोडून द्यावं, तर काकू...

"काढा," ती कशीबशी म्हणाली. "पण मी गेल्यावर. आणि ते बोलणं मनावर घेऊ नका. बायका हळदीत काहीही बोलतात."

फाइल आणायला ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी ती दाराबाहेर जरा रेंगाळली. कुंडलिकची मान आज कालपेक्षाही खाली होती आणि कान लालबुंद झाले होते.

"झालं," तो म्हणाला. "कुणाला ऐकू येणार न्हाय."

"तुम्हाला आलं?"

"माझं कामच ते हाय." तो अडखळला. "बोलणारी... गमतीनं बोलली असंल."

दाक्षायणीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण तिने पेन ड्राइव्ह उचलला आणि ती निघून आली. वाटेत स्वतःला चार शिव्या दिल्या. गमतीनं नव्हतं, एवढं म्हणायला काय झालं होतं?

हळदीच्या सकाळी गल्लीतल्या मांडवात कुंडलिक मिक्सर मांडून बसला. श्रीदेवी पाटावर, शेजारी दाक्षायणी, पलीकडे काकू. गाणं सुरू झालं. नवी ढोलकी, नवा ठेका आणि त्यावर काकूंचा आवाज. बायकांनी ताल धरला. काकूंनी दाक्षायणीचा हात घट्ट पकडला. "भाळ चंद आग्यद," त्या घोगऱ्या आवाजात कानडीत पुटपुटल्या. फार छान झालंय.

दुसरं कडवं संपत आलं, तशी दाक्षायणीने श्वास रोखला. काकूंचा सूर लांबला... लांबतच गेला... आणि अलगद उतरला. स्वच्छ. त्याखाली काही नव्हतं. तिने इतका मोठा सुस्कारा सोडला, की काकूंनी वळून पाहिलं.

तेवढ्यात श्रीदेवीने पिवळ्या कोपराने तिला ढोसलं. "दाक्षी, तुझा मिक्सरवाला वर बघतोय की गं."

खरंच बघत होता. हेडफोन गळ्यात, मान ताठ, नजर थेट तिच्यावर. घाबरलेली नजर होती, पण हलत नव्हती. लई वेळा ऐकलेलं वाक्य त्याला पाठ झालं होतं, आणि ते खरं की गंमत, एवढंच तो विचारत होता.

दाक्षायणीने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचं लक्ष नवरीकडे होतं. तिने वाटीत बोट बुडवलं आणि त्याच्याकडे बघत, सावकाश, स्वतःच्या गालावर हळदीची एक रेघ ओढली.

कुंडलिक हसला. तिसरं कडवं सुरू होताना आवाज वाढवायचा होता, ते तो साफ विसरला.

"पोरा, आवाज वाढव की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"व्हय व्हय," तो म्हणाला. पण मान काही त्याने खाली घातली नाही.