जयूच्या माडाखालची जमीन

इनासकाकांचं घर जांभ्या दगडाचं, त्यांच्या आजोबांच्या वेळचं, दर पावसाळ्यात हमखास गळणारं. ते भूकंपात उभं राहिलं. आमचं घर नवं, भरपूर सळ्या घालून बांधलेलं. ते एका कुशीवर कलंडलं आणि कोसळलं. त्यात माझा धाकटा भाऊ जयू गेला. चार वर्षांचा होता. धक्का तर दोन्ही घरांना एकच बसला, मग असं का? हे कळेपर्यंत मी, हेमल तांडेल, कुणाशीही धड बोलणार नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कांदळबंदरात जमीन तपासायला एक यंत्रमानव आला. सहा पायांचा, जेमतेम गुडघ्याएवढा. नाव कानोसा. दिवसभर पोट जमिनीला टेकवून पडून राहायचा.

"काम करायला आलायस की झोपा काढायला?" मी खेकसले.

"ऐकतोय," तो म्हणाला. "लाटा आपटतात, गाड्या जातात, त्यांची थरथर जमिनीतून येते. हेमल, लाट उंच कुठे होते? खोल समुद्रात की किनाऱ्यापाशी?"

"एवढंही माहीत नाही? किनाऱ्यापाशी! आत पाणी नुसतं फुगतं. उथळात आली की तीच लाट डोकं वर काढते."

"भूकंपलहरींचंही (जमिनीतून पसरणाऱ्या थरथरीचंही) तसंच. खडकातून त्या झरझर जातात. मऊ मातीत शिरल्या की मंदावतात आणि मोठ्या होतात."

बाबा तर सगळ्यांना नेमकं उलटं सांगायचे.

बाबा मच्छीमार. होडीच्या मोटारीखाली जाड रबर घालतात, म्हणजे तिची थरथर फळ्यांपर्यंत पोचत नाही. बाबांनी घरालाही तोच न्याय लावला. वर सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, इनासकाकांच्या घराशेजारी जागा मिळत होती. ती सोडून त्यांनी खाडीकाठचं खाजण घेतलं, वाळूमातीची भर घालून केलेली जमीन. "मऊ जमीन म्हणजे घराखालचो रबर," असं ते ऐटीत म्हणायचे.

"म्हणजे रबराचं खोटं?" मी विचारलं.

"नाही, रबराचं खरंच आहे. मोठ्या इमारतींखाली मुद्दाम तसे थर घालतात. पण हलवल्यावर रबर रबरच राहतो. खाजण तसं राहत नाही. चल पुळणीवर."

पाणी नुकतंच ओसरलं होतं तिथे त्यानं मला उभं केलं. वाळू अगदी घट्ट होती. "आता नाच," तो म्हणाला. नाचायचं कुठलं मला! मी रागारागानं पाय आपटले. बघता बघता वाळू थुलथुलीत झाली, वर पाणी चमकायला लागलं आणि माझे पाय घोट्यापर्यंत आत गेले.

"वाळूचे कण एकमेकांवर टेकून उभे असतात," कानोसा सांगू लागला. "मधल्या फटींत पाणी असतं. जोरात हलवलं की कणांचा एकमेकांना असलेला आधार सुटतो. सगळा भार पाण्यावर येतो, आणि जमीन पाण्यासारखी वागते. याला द्रवीकरण (भिजलेली घट्ट जमीन पातळ होणं) म्हणतात. मग घरात सळ्या कितीही असोत, घराखाली काहीच उरत नाही."

मी रडणार नव्हते, पण रडले. कानोसा माझ्या शेजारी पोट टेकवून बसला.

मग त्यानं खाजणात एक लांब नळी खुपसून मातीचा उभा तुकडा काढला. काळ्या चिखलात पांढऱ्या वाळूची एक शीर खालून वर आलेली होती. तिच्याही खूप खाली तशीच आणखी एक.

"खालची वाळू पाण्याबरोबर वर उसळली, त्याची ही खूण. आसपासचे शिंपले तपासून वय काढता येतं. वरची शीर शेकडो वर्षांपूर्वीची आहे, खालची त्याहून जुनी. मोठे भूकंप इथे आधीही झालेत."

"मग कुणालाच कसं माहीत नाही?"

"तेव्हा खाजणावर घरं नव्हती. चिखल उसळला असेल, बिळांतल्या कुर्ल्या पळाल्या असतील. कुणाचं काही गेलं नाही, म्हणून कुणी लक्षात ठेवलं नाही."

"पुन्हा होईल?"

"होऊ शकतो. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. पण कुठली जमीन दगा देईल, ते सांगता येतं."

तिकडे बाबा त्याच जागी खुंट्या ठोकून नव्या घराची दोरी बांधत होते. आमच्याकडे मूल जन्मलं की नाळ पुरून तिथे माड लावतात. जयूचा माड भूकंपात कलला, पण जगला. तो बरोबर अंगणात येईल असं बाबा मोजत होते.

"कानोसा, तूच सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"सांगितलं. ते म्हणाले, यंत्राला पोरं नसतात."

म्हणजे मलाच सांगायचं होतं. आणि जमीन वाईट होती असं सांगायचं, म्हणजे ती तुम्ही निवडली होती असं सांगायचं. कुठल्या तोंडानं बोलणार?

"बाबा, पुळणीर येशात?" एवढंच म्हटलं.

ते आले. मी ओल्या वाळूत पाय आपटले. वर पाणी आलं. बाबा त्याकडे बघतच राहिले.

"माका ठावक आसा," ते म्हणाले. "त्या दिवशी मी दारात होतंय. पाणी उसळला, खाडीतला न्हय, जमिनीतला. तेव्हाच कळला माका."

"मगे परत थयसरच घर कित्याक?"

"जयू एकटो रवात, म्हणान."

मला इतका राग आला की आवाजच फाटला. "आणि माका? माका खंय ठेवतल्यात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. भूकंपानंतर ते माझ्याकडे असं पहिल्यांदाच बघत होते. मग ते मटकन खाली ओल्यातच बसले आणि मला कुशीत घेऊन हमसून हमसून रडले.

संध्याकाळी त्यांनी खुंट्या उपटल्या.

आता आमचं घर सड्यावर आहे, इनासकाकांच्या शेजारी. जागा कानोसानं पोट टेकवून ऐकून दिली. बाकीची घरंही एकेक करून वर येतायत. खाजण आता पोरांना खेळायला मोकळं आहे. कानोसा पुढच्या बंदरावर गेलाय. तिथल्या मुलांना तो नाचायला लावेल तेव्हा कुणाचंही काही गेलेलं नसावं, असं मला फार वाटतं.

जयूचा माड खालीच आहे. बाबा रोज त्याला पाणी घालायला जातात आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत बसतात. झोपायला मात्र वर येतात.