मंगळवारचं मंडळ

मनूनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चूक करत होता, आणि अगदी मन लावून करत होता.

साल अडतीसचं. येळ्ळूरपलीकडची लहानशी वाडी. गावदेवी लक्ष्मीला निवद दाखवून मनू परत निघाली, तर देवळामागच्या पडीक जागेत एक उंच तरुण बाह्या सारून कुदळ चालवत होता. तळहाताला फोड आले असणार, कारण दर घावाला ओठ चावत होता. मनूला हसू आलं... आणि लगेच वार ध्यानात येऊन ती ओरडली.

"ओ! टाका ती कुदळ! आज पाळणूक हाय न्हवं!"

तो थांबला. तिच्याकडं बघितलं — जरा जास्तच वेळ बघितलं. "कसली पाळणूक?"

"गावानं लक्ष्मीचं पाच मंगळवार पाळल्यात. रानात जायचं न्हाय, मातीला लोखंड लावायचं न्हाय."

"बेळगावात असं काही नसतं."

"मग बेळगावात जाऊन खणा की!"

पण गुडघाभर खड्डा झालाच होता. बघता बघता गाव जमलं. हा शामू, खडेबाजारातल्या कापडवाल्याचा मॅट्रिक झालेला मुलगा. खेडोपाडी तरुण मंडळं उभी करणाऱ्या एका संस्थेनं त्याला पाठवलं होतं. आल्या आल्या अकरा नावं मिळवून पठ्ठ्यानं तालमीचा पाया खणायला घेतला होता. दिवस मावळायच्या आत अकराही नावं मागं गेली. मनूचे वडील मारुतीराव गावचे पंच. त्यांनी त्याच्याकडून देवीला नारळ फोडून घेतला आणि विषय मिटवला. देवी शांत झाली, पोरं मात्र फिरकेनात. महिन्याभरात मंडळ उभं राहिलं नाही, तर संस्था त्याला दुसरीकडं हलवणार होती.

रोज संध्याकाळी तो चावडीत एकटाच बसलेला दिसे. मनू पाण्याला जाताना बघायची. लांबची वाट धरून जायची, हे तिच्या मैत्रिणींच्या ध्यानात आलं होतं. तिच्या नव्हतं, असं तीच म्हणायची.

एकदा ओढ्यावर तो समोरच आला. पाऊस भुरभुरत होता. दोघंही उगाच पाण्याकडं बघत राहिली.

"तुमचं नाव काय?"

"गावाला विचारा."

"गाव माझ्याशी बोलत नाही..."

त्याचा चेहरा बघून तिला कणव आली. "मनू," ती म्हणाली. "आणि एक सांगू? पोरं सहा दिवस चिखलात वाकून रोप लावत्यात. सांजच्याला तुमचं भाषण कोण ऐकणार? मंगळवारी बघा की पिंपळाखाली. रिकामी बसून पत्तं कुटत्यात."

"पण मंगळवारी तर काही करायचं नाही ना?"

"मातीला लोखंड लावायचं न्हाय. पाटीवर पेन्सिल लावायला कुणी अडवलंय?"

त्याचा चेहरा उजळला. मनूनं घागर उचलली आणि जवळच्या वाटेनं पळ काढला.

पुढच्या मंगळवारी देवळाच्या मंडपात एकोणीस पोरं आली. पाट्या आल्या, लेझीम आलं, वर्तमानपत्राचं मोठ्यानं वाचन झालं. मारुतीराव खुशीत म्हणाले, "शामराव, डोकं लढवलं म्हणायचं!"

"माझं नाही, आप्पा. तुमच्या मनूनं सांगितलं. मी नुसतं ऐकलं."

खांबाआड उभ्या मनूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता घरी काय वाढून ठेवलंय! पण रात्री जेवून उठल्यावर आप्पा हात धुताना एवढंच म्हणाले, "मनू, वरच्या तुकड्यात औंदा काय लावूया गं?"

अठरा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. "नाचणा लावा, आप्पा," ती चटकन म्हणाली. शेजेवर पडल्यावर तिनं मनोमन शामूचे आभार मानले, आणि आभार मानता मानता आपण याच्यात पुरत्या अडकलोय हे तिला कळून चुकलं.

पाचवा मंगळवार पार पडला. मंडळ रुळलं, पोरांतलाच यल्लाप्पा त्याचा प्रमुख झाला. आणि इथलं काम झालं म्हणून शामूला निपाणीकडं निघायचं पत्र आलं. मनूच्या मनात आलं, हा जाऊ नये म्हणून आपणच मंडळासाठी धडपडलो, आणि ते उभं राहिलं म्हणूनच हा चालला.

दुसऱ्या दिवशी शामू घरी आला. सोप्यात बराच वेळ आप्पांशी हळू आवाजात बोलत होता. मग परसात आला. मनू शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"आभार मानायला आलाय व्हय? माना आणि जावा."

"आभार तर मानायचेच आहेत... पण जायचं तर तुला घेऊन. निपाणीकडं काय चालतं, काय चालत नाही, मला कोण सांगणार?" त्याचा आवाज खाली आला. "मनू, तू आवडतेस मला. आप्पांकडं मागणं घातलं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, मला काय विचारतोस? तिला विचार."

मनूच्या हातातली शेंग तशीच राहिली. थोरल्या बहिणीचं, राजाक्काचं लग्न ठरलं तेव्हा ती जात्यावर बसली होती. सुपारी फुटल्यावर तिला कळलं. आईला तर नवऱ्याचं नाव अक्षतांच्या दिवशी समजलं होतं. त्या घरात आज आप्पांनी... मनूचे डोळे भरून वाहू लागले.

शामू घाबरला. "नको असेल तर स्पष्ट सांग, मी—"

"थांबा की जरा!" ती रडत रडत हसली. "लई आवडता तुम्ही मला. पण त्यांनी विचारलंय, आधी त्यांना सांगते."

पदरानं डोळे पुसत ती सोप्यात गेली. मारुतीराव भिंतीकडं तोंड करून उगाच पागोटं नीट करत होते. मनूनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

"व्हय, आप्पा," ती म्हणाली.